दारावर तेवीस जणी

डेला शनिवारी संध्याकाळी सहानंतर पाण्याचा थेंबही तोंडात घेत नाही, हे थेन बॅरस यांच्या लक्षात यायला सहा रविवार गेले. चौतीस वर्षं तिसरीच्या वर्गाला शिकवलेल्या माणसाला खरं तर हे पहिल्याच आठवड्यात कळायला हवं होतं. वर्गात कुणाला बाहेर जायचंय हे त्यांना त्या मुलाच्याही आधी कळायचं. पण डेला त्यांची नात. घरच्या माणसाकडे आपण तितक्या बारकाईने बघत नाही.

"डेला," चर्चहून परतताना गाडीत त्यांनी विचारलं, "पहिला तास संपला की तू जातेस कुठे? मग थेट मला घरी न्यायलाच येतेस."

"पेट्रोल पंपावर."

"दर रविवारी? इतकं पेट्रोल लागतं तुझ्या गाडीला?"

"आजोबा," डेला म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

थेननी मनात पाच आकडे मोजले. ही त्यांची जुनी सवय. वर्गात प्रश्न विचारला की पाच मोजायचे, मग उत्तर आपोआप कुठूनतरी येतं. इथेही पाचाला आलं.

"पंपावर बाथरूम आहे," डेला म्हणाली. "एकाच माणसाचं. आतून कडी लागते. कोणी काही म्हणत नाही."

सव्वीस वर्षांपूर्वी डेला जन्मली तेव्हा सगळ्यांनी तिला मुलगा म्हणून हातात घेतलं होतं. दोन वर्षांपूर्वी तिने नाव बदललं, कपडे बदलले, केस वाढवले. गावाने तोंडाचा आ केला, मग हळूहळू मिटला. पण सॉल्ट लेकच्या चर्च मुख्यालयातून नवे नियम आले. असं बदललेल्या सभासदांनी मुलांना शिकवायचं नाही, मुलांबरोबरचं कुठलंही काम करायचं नाही. डेला चार वर्षं रविवारच्या बालवर्गाला गाणी शिकवत होती, पियानो वाजवत होती. ते एका फोनवर संपलं. आता मुलं मोबाइलमधल्या पियानोवर गात होती. मोबाइल कुणाच्या चुकीसाठी थांबत नसल्यामुळे गाणं पुढे आणि मुलं मागे, अशी दर रविवारची शर्यत चालली होती.

बाथरूमबद्दलही नियम होता. तो समजून घ्यायला थेन सोमवारी बिशपच्या टायरच्या दुकानात गेले. बिशप म्हणजे डॅरिन मॉर्टेन्सन. आठवडाभर टायर बदलायचा, रविवारी टाय बांधून बिशप व्हायचा. पगार एकाच कामाचा, डोकेदुखी दोन्ही कामांची. तिसरीत थेनच्याच वर्गात होता. सात सत्ते किती विचारलं की अजूनही दचकायचा.

"सर, एकाच माणसाचं बाथरूम असेल तर प्रश्नच नाही," डॅरिन हात पुसत म्हणाला. "पण आपलं चर्च एकसष्ट सालचं. तेव्हा चार-पाच जणांचं एकत्रच बांधायचे. मग दुसरा मार्ग लिहिलाय. तिला हवं त्या बाथरूममध्ये ती जाऊ शकते, फक्त आत तेव्हा दुसरं कोणी नाही ना, हे एखाद्या विश्वासू व्यक्तीने बघायचं."

"विश्वासू म्हणजे नक्की कोण?"

"ते लिहिलेलं नाही."

"मी चालेन?"

"तुमच्यावर विश्वास नाही ठेवायचा तर कुणावर ठेवायचा, सर?" डॅरिन म्हणाला, आणि कुणीतरी हे काम आपणहून घेतलं म्हणून त्याने थेनच्या गाडीच्या चारही चाकांत फुकट हवा भरून दिली.

पुढच्या रविवारी थेन आपला निळा कोट घालून बायकांच्या बाथरूमच्या दाराशी उभे राहिले. तिथे उभं राहिल्यावर पाचव्या मिनिटाला त्यांना पहिली अडचण कळली. आत कोणी आहे की नाही, हे पुरुषाने बघायचं कसं?

त्यांनी दार बोटभर उघडलं आणि छताकडे बघत हाक मारली, "आत कोणी आहे का?"

"आहे!" आतून आवाज आला. "आणि तुम्ही कोण?"

"थेन बॅरस."

"ब्रदर बॅरस, तुमचं दार पलीकडचं! चष्मा घाला!"

दहा मिनिटांत चौघींनी त्यांना पलीकडचं दार दाखवलं. एकीने तर हाताला धरून तिथपर्यंत पोचवलं आणि त्यांच्या स्वर्गवासी बायकोची आठवण काढून डोळे पुसले. डेला तेवढा वेळ सूचनाफलकासमोर उभी राहून हरवलेल्या मांजराची जाहिरात वाचत होती. ते मांजर गेल्या वर्षीच सापडलं होतं. शेवटी ती वळली आणि मागच्या दाराने बाहेर पडली. थेन तिच्यामागे गाडीपर्यंत गेले.

"आजोबा, पुढच्या रविवारी मुलांचा कार्यक्रम आहे," ती म्हणाली. "त्यातली चार गाणी मी शिकवलीत. ब्रिन्लीचं एकटीचं कडवं आहे. मागच्या बाकावर बसून मला ते शेवटपर्यंत ऐकायचंय. पण त्यातूनही उठून पंपावर पळावं लागलं, तर मी परत कधी चर्चला येणार नाही. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. मी दमलेय."

थेननी पाच मोजले. या वेळी काहीच आलं नाही. त्यांनी दहापर्यंत मोजले.

चर्चमध्ये डेलाशेजारी बसून भजन म्हणणं हे बायको गेल्यापासून त्यांच्या आठवड्यातलं एकमेव काम होतं, ज्यासाठी ते बूट पॉलिश करत. आता हातात सात दिवस होते.

शिक्षकाला अडचण आली की तो कागदावर रेघा मारतो. थेन आत गेले, चिमट्याच्या पॅडवर कोरा कागद लावला आणि पट्टीने रकाने आखले. नऊ ते अकरा, पंधरा-पंधरा मिनिटांच्या आठ ओळी. वर सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'डेला बॅरस हिच्यासाठी मदत. पुढचा रविवार.' खाली बारीक अक्षरात: 'काम: बायकांच्या बाथरूमच्या दाराशी उभं राहणे, आत कोणी नाही याची खात्री करणे.' मग बायकांचा वर्ग चालू होता तिथे दार हळूच उघडून पॅड पहिल्या रांगेत सरकवलं.

आता या गावच्या बायकांची एक गोष्ट. त्यांच्या वर्गात दर रविवारी असं पॅड फिरतं. कुणाचं बाळंतपण, कुणाचं ऑपरेशन, कुणाच्या घरी मयत. ज्याचं नाव वर असेल त्याच्या घरी जेवण न्यायचं, एवढंच त्याचं काम. पॅड हातात आलं की वाचायचं नाही, सही करायची आणि पुढे द्यायचं. तोंडाने धड्याची चर्चा चालूच असते. उद्या त्यावर कुणी घर लिहून मागितलं असतं तरी अर्ध्या गावाने दिलं असतं.

पॅड परत आलं तेव्हा आठ ओळींत तेवीस सह्या होत्या. ओळी संपल्यावर बायका समासात शिरल्या होत्या. आणि सगळ्यांत वर, ठसठशीत, टेलिफोन नंबरासह: लरू ऑलरेड.

थेननी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितलं. डॅरिनला दाखवलं.

"लरू?" डॅरिन म्हणाला. "आपली लरू?"

गावात लरू एकच होती. तिच्या अंगणात रिपब्लिकन उमेदवारांच्या इतक्या पाट्या होत्या की पोस्टमनला पेटीपर्यंत उड्या मारत जावं लागे. तसं गाव सगळं त्याच पक्षाचं. डेमोक्रॅट दोनच, आणि त्यातल्या एकाच्या बायकोला ते ठाऊक नव्हतं. थेन स्वतः पक्षाचे गावप्रमुख. तीन वर्षांपूर्वी लरूने कुणी कुठल्या बाथरूममध्ये जावं याबद्दल आमदाराला खरमरीत पत्र लिहिलं आणि पक्षाच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवलं. सगळ्यांनी पाठिंब्याचे हात वर केले. त्यांत थेनचाही हात होता. तेव्हा ते बाथरूम कुठल्यातरी दूरच्या शहरातलं होतं.

"माणसं बदलतात, डॅरिन," थेन म्हणाले. "मी नेहमी सांगायचो की नाही?"

"तुम्ही नेहमी सात सत्ते विचारायचात, सर."

शनिवारी थेननी तेवीस जणींना फोन करून आठवण करून दिली.

"तिला चीज चालतं ना?" एकीने विचारलं.

"तिला सगळं चालतं," थेन जरा गोंधळून म्हणाले. "त्रास बाहेरच्यांनाच होतो."

लरूने त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. "ब्रदर बॅरस, मी सही केली म्हणजे मी येणार. नऊला. लरू ऑलरेडला आठवण करून द्यावी लागते असं ऐकलंयत कधी?" आणि फोन ठेवला.

रविवारी सकाळी डेला गाडीत बसली तेव्हा तिच्या हातात सरबतवाल्याकडचा सव्वा लिटरचा पेला होता. कोला, लिंबू, नारळाचा पाक. रविवारी दुकान बंद म्हणून आदल्या दिवशी आणून ठेवलेला.

"अख्खा?" थेननी विचारलं.

"तुम्ही म्हणालात ना, तेवीस जणी आहेत," डेला म्हणाली आणि नळीने शेवटचा घोट खुर्रकन ओढला. "बघू या."

नऊला पाच कमी असताना लरू आली. डोक्यावरचे केस रविवारसाठी फुगवून उभे केलेले, हातात चांदीच्या कागदाने झाकलेली मोठी थाळी.

"कुठे ठेवू?"

"काय?"

"बटाटे."

चीज आणि मलई घालून भाजलेले, वर कॉर्नफ्लेक्सचा चुरा पसरलेले ते बटाटे गावात प्रत्येक मयताला जात, म्हणून त्यांचं नावच मयताचे बटाटे पडलं होतं. थेननी थाळीकडे बघितलं, मग लरूकडे. आणि त्या तेवीस सह्या कशासाठी होत्या ते त्यांना कळलं. त्यांनी पॅड पुढे केलं. लरूने गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि तो कागद आयुष्यात पहिल्यांदा वाचला.

थेननी पाच मोजले. दहा मोजले. पंधराला लरूने मान वर केली.

"हे कुणी लिहिलं?"

"मी."

"इतक्या बारीक अक्षरात? तिसरीच्या पोरांना असंच लिहून द्यायचात?" तिने सगळ्यांत वरच्या सहीवर बोट ठेवलं. "आणि ही माझी सही."

"तुम्हाला जायचं असेल तर..."

"माझं पत्र मी मागे घेतलेलं नाही, ब्रदर बॅरस. आमदाराला लिहिलेलं. त्यातला एक शब्दही नाही."

"माझी तशी अपेक्षा नाही, सिस्टर ऑलरेड."

लरूने थाळी भिंतीकडेला जमिनीवर ठेवली, पर्स काखेत घट्ट धरली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. "सव्वानऊपर्यंत ना? सही केलीय म्हणजे केलीय."

मग बाकीच्या येऊ लागल्या. आपापल्या वेळेला यायच्या ऐवजी सगळ्या एकदमच आल्या, कारण कार्यक्रम सुरू होण्याआधी जेवण देऊन मोकळं व्हायचं होतं. बटाटे, बटाटे, हिरवी जेली, बटाटे, गाजर घातलेली हिरवी जेली. लरूने प्रत्येकीला कागद वाचायला लावला. कुणी हळूच पाय मागे घेतला की ती म्हणायची, "जेना! सही कुणाची ही? मग उभी राहा." बोळ अरुंद. दोन्ही भिंतींना बायका, मधे जमिनीवर थाळ्या. आत मुलांचा कार्यक्रम सुरू झाला. बोळातल्या भिंतीवरच्या स्पीकरमधून गाणी ऐकू येऊ लागली. मोबाइल पुढे, मुलं मागे.

सव्वानऊ झाले. लरू हलली नाही.

"तुमची वेळ झाली," थेन म्हणाले.

"पुढची जेना आहे. तिला साधं दूध राखता येत नाही, ती दार काय राखणार?"

नऊ चाळीसला डेला आतून आली. घाईत होती. सव्वा लिटरने आपलं काम केलं होतं. बोळाच्या तोंडाशी येऊन ती थबकली. एक आजोबा, तेवीस बायका, बटाट्यांच्या सतरा आणि जेलीच्या सहा थाळ्या. तिचे कान लाल झाले. उजव्या हाताला मागचं दार होतं, त्यापलीकडे गाडी, अकरा मिनिटांवर पंप. तिने दाराकडे बघितलं. थेननी ते बघितलं.

"राहू दे, आजोबा," ती हळूच म्हणाली. "खरंच राहू दे."

"राहू दे काय?" लरू म्हणाली. "मी पाऊण तास उभी आहे. माझे पाय बघ, भाकरीसारखे फुगलेत." तिने दार ढकललं, आत जाऊन प्रत्येक कप्प्याचं दार वाकून तपासलं आणि बाहेर आली. "रिकामं आहे. जा."

डेला गेली. पाठोपाठ तेवीस बायकांनी एकदम छताकडे बघायला सुरुवात केली.

तेवढ्यात बोळाच्या दुसऱ्या टोकाने ब्रदर विन्सर आले. हे चर्चच्या वरच्या कार्यालयातून खास कार्यक्रमाला आलेले पाहुणे. काळा सूट, हातात कातडी फोल्डर. त्यांना फक्त पुरुषांच्या दारापर्यंत जायचं होतं.

"थांबा!" लरू म्हणाली.

"मला फक्त पलीकडे..."

"आत कोणी आहे."

"पण मला या दारात जायचंच नाही!"

"मग थांबायला काय हरकत आहे? हे धरा." आणि तिने त्यांच्या हातात हिरवी जेली दिली, कारण ती त्यांच्या बुटाखाली येणार होती.

याच वेळी स्पीकरमधली मुलं गप्प झाली. पुढचं कडवं ब्रिन्लीचं. ती पाच वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले, आणि डेलाने मान हलवल्याशिवाय ती सुरुवात करत नसे, हे बालवर्गात सगळ्यांना माहीत होतं. नियम करणाऱ्यांनाच तेवढं माहीत नव्हतं. मोबाइलमधला पियानो वाजून वाजून संपला. मग स्पीकरमधून एक बारीक आवाज आला.

"डेला कुठे आहे?"

"ती येईल हं, ब्रिन्ली," डॅरिनचा आवाज. "आपण सुरू करू या?"

"बाथरूमला गेली का?"

आत दोनशे माणसं बसली होती. बोळात तेवीस बायका आणि जेली धरलेले एक पाहुणे. डॅरिन काय बोलावं याचा विचार करत असावा, कारण स्पीकरमधून नुसताच श्वास ऐकू येत होता.

"हो," शेवटी तो म्हणाला. बिशपने खोटं बोलायचं नसतं.

"मग मी थांबते," ब्रिन्ली म्हणाली.

दार उघडलं आणि डेला बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं. स्पीकर बाथरूममध्येही होता. चेहरा पांढरा पडला होता, आणि नजर पुन्हा उजवीकडे, मागच्या दाराकडे गेली. थेनना पुढे व्हायचं होतं, पण मधे थाळ्याच थाळ्या होत्या.

लरू तिच्यासमोर उभी राहिली. गेल्या दोन वर्षांत ती डेलाशी एक शब्दही बोलली नव्हती. तिने डेलाला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"हात धुतलेस का?"

"अं?"

"हात. साबणाने."

"हो."

"दाखव." डेलाने दोन्ही हात पुढे केले. अजून ओले होते. लरूने आपल्या पर्समधला रुमाल काढून तिच्या हातावर ठेवला. "पूस आणि जा लवकर. पोरगी ताटकळलीय. आणि बटाट्यांत पाय देऊ नकोस."

डेलाच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. थेनना वाटलं रडतेय. पण ती हसत होती, पोट धरून, सव्वा लिटर बाहेर गेल्यानंतरच्या मोकळेपणाने. मग जेना हसली, मग बोळभर हसू पसरलं. हातातली जेली थरथरायला लागली म्हणून ब्रदर विन्सरही हसताहेत हे कळलं.

डेला थाळ्यांवरून उड्या मारत गेली आणि मागच्या बाकावर बसली. ब्रिन्लीने तिला शोधलं. डेलाने मान हलवली. एक, दोन, तीन.

ब्रिन्ली सूर सोडून गायली, पण मोठ्याने गायली.

डॅरिन घाबरत मागे बोळात आला. "ब्रदर विन्सर, ती मुलांना शिकवत नाहीये," तो कुजबुजला. "ती फक्त मान हलवतेय."

ब्रदर विन्सरनी फोल्डर काखेत आणि जेली हातात धरून थोडा विचार केला. "मानेबद्दल माझ्याकडे काही लिहून आलेलं नाही," ते म्हणाले. "आता मला पलीकडच्या दारात जाऊ द्याल का कोणी?"

दुसरा तास डेला थांबली. त्यानंतर थेनच्या स्वयंपाकघरात थाळ्या मांडायला जागा पुरेना. प्रत्येक थाळीच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव होतं. इथे दुसऱ्याची थाळी ठेवून घेत नाहीत, आणि रिकामीही परत करत नाहीत. डेला बराच वेळ कमरेवर हात ठेवून त्या रांगेकडे बघत उभी होती.

"तेवीस," ती म्हणाली. "एका रविवारी चार नेल्या तरी सहा रविवार लागतील."

"निवांत ने," थेन म्हणाले. "काही घाई नाही."

"बटाटेच भरून देऊ का परत?"

तेवढ्यात दारावर थाप पडली. लरू होती. हातात थेनचं पॅड, त्यावरचा चुरगळलेला कागद.

"हे तुम्ही बोळात विसरलात," ती म्हणाली. "पुढच्या रविवारचा कागद आखाल तेव्हा अक्षर मोठं काढा. नऊची वेळ माझी. जेनाला दारापासून लांब ठेवा."

"ठेवतो."

ती गेली नाही. उंबऱ्यावरच उभी राहिली.

"ब्रदर बॅरस, माझी नात तुमच्या वर्गात होती. काम पुरं केलं की तुम्ही नावापुढे सोनेरी तारा चिकटवायचात, असं ती सांगायची."

थेननी पाच मोजले नाहीत. टेबलाचा खण उघडून ताऱ्यांचं जुनं पाकीट काढलं आणि ताऱ्याच्या पाठीला जीभ लावली.

"मोठा द्या," लरू म्हणाली. "मी पाऊण तास उभी होते."